तुझ्या जीपमध्ये सदाफुली लावू देणार नाही

लिले,

तुझ्या जीपच्या बॉनेटखाली सदाफुली लावायचं ठरलं होतं. इंजिन काढायचं, त्या जागी माती भरायची, गाडीला पिवळाधमक रंग मारायचा आणि तारकर्लीकडच्या एका रिसॉर्टच्या फाटकात उभी करायची. येणारी-जाणारी पोरं टपावर चढून फोटो काढतील. तुझ्या तेराव्याच्या जेवणात, खीर-वड्यांचं ताट पुढे असताना, माझ्या लेकाने, म्हणजे तुझ्या जावयाने मला हे सांगितलं. सांगताना चेहरा असा, जणू तुझं देऊळच बांधायला घेतलंय.

"चांगल्या जाग्यार जाता गाडी," महेश म्हणाला. "लोक बघतले तरी. नायतर आंगणात गंजान जायत."

"गंजात कित्याक? मी चालवतलंय."

तुझी वैशाली वाढता वाढता थांबली. तिच्या डाव्यातल्या भांड्यातली खीर कलंडायला आली होती. "आई, तुम्ही गाडी घेवन बाजाराक जातास तितक्या ठीक आसा. पण ती गाडी माझ्या आवशीशिवाय कोणाचा आयकूची नाय."

"तुझ्या आवशीचा तरी ती खंय आयकत होती?"

महेश हसला. म्हातारं माणूस काही बोललं की आजकालची पोरं हसतात ना, तसं. कौतुकाने, मान वाकडी करून. त्या हसण्याने मी पेटले. मला एकदम दिसलं की गाडीला आणि मला एकच न्याय लागणार आहे. आतलं इंजिन काढायचं, फुलं लावायची आणि दारात उभं करायचं. आजी किती गोड आहेत नाही, म्हणायचं.

मी वडा ताटात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "रविवारी तुझो रिसॉर्टवालो येतलो ना? त्याच्या आधी मी गाडी खाडीपलीकडे घालतंय आणि परत हाडतंय. वैशाली माझ्या वांगडा बसतली. जमला नाय, तर खुशाल सदाफुली लावा. माझ्या डोक्यार पण लावा."

मग मी खीर मागून घेतली.

तुला सांगते, मला राग फक्त गाडीचा नव्हता. तू गेलीस त्या दिवशी मी भटजींना विचारलं, मला किती दिवसांचं सुतक? ते म्हणाले, विहिणीचं कसलं सुतक, एक आंघोळ केली की झालं. एक आंघोळ! वीस-बावीस वर्षं तुझ्या डाव्या बाजूला बसून मी हाडं खिळखिळी करून घेतली, आणि शास्त्राने मला एका तांब्यात मोकळी केली. ती आंघोळ मी केलीच नाही. म्हणजे नंतर केली, उकाडा होता म्हणून. पण तुझ्यासाठी नाही केली. तेवढं लक्षात ठेव.

आणि दुसरं लक्षात ठेव. हे सगळं मी 'तू' करून लिहिणार आहे. आपला नियम तुला ठाऊक आहे. गावाच्या शिवेच्या आत 'तुम्ही' आणि 'विहीणबाई', गाडी शिवेबाहेर पडली की 'तू' आणि 'मेले'. लोकांना कळलं असतं तर म्हणाले असते, व्याह्यांची काही रीत? आता कळू दे. तू शिवेच्या बाहेर गेलीस. मग माझं 'तू' कोण अडवणार?

महेशच्या लग्नातली मी तुला आठवते ना? तिची आठवण आली की मला स्वतःला चिमटा काढावासा वाटतो. मोरपंखी पैठणी, डोळ्यांना काळा चष्मा, मांडवात काळा चष्मा! आणि चेहऱ्यावर असा भाव की हा जिल्हा मीच वसवलाय. नवऱ्याची मुंबईला नोकरी, म्हणून अर्धी मुंबई आपल्या पदराला बांधलेली आहे अशी माझी समजूत. गिरगावात वर्षातले दोन महिने राहून आलेली ही बाई मालवणच्या माशांनाही शुद्ध मराठीत भाव विचारायची.

आणि मांडवापुढे धुरळा उडाला. बिनदाराची, ताडपत्रीच्या हुडाची जीप. मागे केळीचे घड, फणस, दोन भटजी आणि एक आचारी. पुढून नऊवारी खोचलेली मुलीची आई खाली उडी मारते. गाडी तीच चालवत आली होती! मी नणंदेच्या कानात म्हटलं, "ही व्याहीण की डायवर?"

माझं कानातलं बोलणं पाच माणसांना ऐकू जातं. तू पदराने तोंड पुसलंस आणि अगदी अदबीने म्हणालीस, "दोनय. तुमका खंय सोडूचा आसा?"

नणंद इतकी हसली की तिची नथ पडली. मी त्या दिवशी रुसून बसले. कशाबद्दल रुसले ते कोणी विचारलं तर सांगायला कारण हवं म्हणून शेवटी भातात मीठ कमी आहे असं सांगितलं. तू स्वतः मीठ घेऊन आलीस. ते कारण इतकं फुसकं होतं की मलाच भात घशाखाली उतरेना. भात, बरं का, चांगला होता.

मग काही वर्षं आपण दोघी नात्यापुरत्या होतो. दिवाळीला फराळ, आंब्याच्या दिवसांत पेटी. तुझे यजमान गेले, तू त्यांची जीप घेऊन स्वतः कलमांवरून आंबे उतरवून आणू लागलीस. इकडे आमचे हे गेले. आणि मी आत जाऊन बसले. मला कोणी कोंडलं नव्हतं. मीच मला माजघरात ठेवून दिलं, धुऊन, घडी करून. काळ्या चष्म्यावाली ती बाई आता कोपऱ्यात पांढरं तोंड करून बसायची आणि आल्यागेल्याने आपल्याकडे बघून चुकचुकावं याची वाट बघायची. चुकचुकणं कमी झालं की हुंदका द्यायची. नाटकी होते गं मी. दुःख खरं होतं, पण त्याला वेणीफणी मी करत होते.

तू एका सकाळी आलीस. गाडी चालूच ठेवलीस. अंगणातून ओरडलीस, "विहीणबाई, चला!"

"अजून वर्ष नाही झालं. मी बाहेर पडत नाही," मी आतून म्हणाले. शुद्ध मराठीत.

तू उंबऱ्याशी आलीस. कमरेवर हात. "घो गेलो तुमचो. पाय खंय गेले?"

माझ्या सासूबाई तेव्हा होत्या, त्यांनी कानांवर हात ठेवले. मला तुला मारावंसं वाटलं, खरंच. आणि मारायचं तर उठायला हवं होतं. उठले ती गाडीत जाऊन बसले.

त्या सकाळी तू का आलीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. तुझ्या वेळी तुझ्या दारात असं कोणी आलं नव्हतं, एवढं मला माहीत आहे. मी तर आले नव्हतेच. मी तेव्हा एक नारळ आणि साखरेचा पुडा पाठवला होता, महेशच्या हातून.

पुढे राहायला म्हणून गेलो, त्या पहिल्या सफरीला माझ्या पिशवीत काय काय होतं, ते तू पुढे अख्ख्या कुडाळच्या बाजाराला सांगितलंस. इस्त्रीची पातळं, पावडरचा डबा, उशी, उशीचे जादा अभ्रे, चांदीची निरांजनं आणि कापूर. विजयदुर्गच्या अलीकडे सड्यावर तू गाडी थांबवलीस. उघडा काळा जांभा, गुडघाभर वाळकं गवत, खाली दर्या, एक झाड नाही. गाडीच्या हुडाला आंब्याच्या वखारीतली ताडपत्री बांधलीस, दुसरं टोक दोन धोंड्यांखाली दाबलंस. म्हणालीस, झालं घर.

मी विचारलं, "आणि... सोय?"

"सोय? अख्खो सडो आसा गो. खंयचो कोपरो व्हयो, तो सांग."

तेवढ्यात 'गो' आला होता. शीव मागे पडली होती. मी एका हातात छत्री उघडून, दुसऱ्या हाताने पातळ सावरत कोपरा शोधायला गेले ती इतकी लांब गेले की तुला गाडी घेऊन मला शोधायला यावं लागलं. संध्याकाळी तीन धोंड्यांवर उकड्या तांदळाची पेज शिजली. वर निखाऱ्यात भाजलेला सुका बांगडा. पेजेत ताडपत्रीवरून हापूसचा वास उतरत होता. आणि मी कित्येक महिन्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तू बघितलंस, बोलली नाहीस. तुझं न बोलणं इतकं दुर्मीळ, म्हणून मला ते अजून ऐकू येतं.

त्यानंतर आपण थांबलोच नाही. रेडीला खाणीच्या जुन्या वाटांवर तू लाल चिखलात गाडी अशी घातलीस की माझं पांढरं पातळ गुलाबी झालं ते झालंच; मी तेच नेसून लग्नांना गेले, विचारलं तर म्हणायचे, नवा रंग आहे. शिरोड्याच्या बाजूला सुरूच्या बनात तंबू ठोकला (तंबू नातीने आणून दिलेला, ताडपत्रीला हसली म्हणून) तर त्याच्या दांड्या कुठून कुठे घालायच्या यावरून आपण दुपारभर भांडलो आणि शेवटी तंबू अंथरून त्यावर झोपलो. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालायला मात्र तू कधी तयार झाली नाहीस. "खाली कासवीची अंडी आसतली. तिच्या घरावरून गाडी घालूक मी काय राक्षसीण?" मी म्हणायचे, अंडी थंडीतच असतात, आता वैशाख आहे. तू म्हणायचीस, एखादी विसरभोळी कासवी असते, तुझ्यासारखी.

विसरभोळी म्हणायचं कारण हब. या गाडीला चारी चाकांचा जोर हवा असेल तर कोणीतरी खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांवरचा खटका हाताने फिरवायचा, मग आतून दांडा टाकायचा. ते कोणीतरी म्हणजे मी. चिखल, पाऊस, काटेरी झुडपं, काहीही असो, विहीणबाईंनी उतरायचं आणि चाकाशी वाकायचं. काळ्या चष्म्यावालीचं हे झालं! आणि मी हटकून एक हब फिरवायचे, दुसऱ्याच्या वेळी गप्पांत यायचे. "फिरवलंस?" "फिरवलंय." "दोनय?" मग मी आकाशाकडे बघायचे.

आता त्या दिवसाकडे येते. येणारच होते. तू असतीस तर यावरून वाक्यागणिक मध्ये बोलली असतीस, म्हणून आज निवांत सांगते.

आमच्या गावच्या खाडीपलीकडे माडांची एक चिंचोळी पट्टी आहे, भाट म्हणतो आम्ही. तिथे जायला रस्ता नाही. ओहोटीला पाणी पोटरीपर्यंत उतरतं आणि खाली बैलगाड्यांचा जुना दगडी उतार उघडा पडतो. तेवढ्या वेळात गाडी घालायची. वेळ काढायची रीत किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. एकादशीला सव्वाआठ, बारशीला नऊ. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. तू डोंगराकडची, कलमांतली. पाण्याचा हिशेब माझ्याकडे असायचा. "दर्या तुझो, डोंगर माझो," असं तूच वाटून दिलं होतंस.

आदल्या दिवशी आपण भाटात गेलो, राहिलो. त्याच दिवशी माझी एकादशी झाली. कॅलेंडरात लिहिलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू निखाऱ्यात रताळी पुरलीस.

"हे काय? उपास कालच झाला," मी म्हणाले.

"तुमची झाली. आमची आज. आमच्या माहेराक माळकरी. आम्ही भागवत एकादशी धरतो."

"म्हणजे आज तुझी एकादशी, माझी बारस."

"चंद्र एकच आसा ना गो?"

हे तू विचारलंस, ते मला आठवतं. आणि मी काय उत्तर दिलं, तेही. मी म्हटलं, "दर्या माझो आसा ना? मग गप रताळां खा." आणि बारशीचा हिशेब धरला. तीनला ओहोटी पुरी (तुझ्या एकादशीने सव्वादोनलाच), म्हणजे चारपर्यंत आरामात. मी बांगडे भाजून खाल्ले, तू रताळं सोलत माझ्या बांगड्यांकडे बघत बसलीस. निघालो तेव्हा पाणी मला जरा चढलेलं दिसलं, पण बोलले नाही. बारस म्हणजे बारस.

मधोमध गेल्यावर पाणी आत आलं. पायांखाली गार लागलं. माझी एक चप्पल तरंगत मागे गेली. गाडी डाव्या अंगाने रुतली आणि मागची चाकं नुसती फिरायला लागली. तू पाय दाबून धरला होतास, इंजिन घोंघावत होतं. बंद पडलं असतं तर खाडीने गाडी घेतली असती. तू पुढे बघत, दातांमधून विचारलंस, "गो, हब फिरवलंस ना?"

"फिरवलंय."

"दोनय?"

माडावर एक कावळा होता. मी त्याच्याकडे बघितलं. "एक."

"मग दुसरो कोण फिरवतलो, तुझो सासरो?"

लिले, मी उतरले. मांडीपर्यंत पाण्यात. चाक दिसत नव्हतं, हाताने चाचपत खाली वाकले, नाकात खारं पाणी, वरून तू शिव्या घालतेस, शिव्या तरी काय एकेक, माहेरच्या माळकऱ्यांकडून शिकलेल्या नव्हेत. खटका फिरला. मी आत पडले, अक्षरशः पडले, तुझ्या मांडीवर. चारी चाकांनी दगड धरले आणि गाडी म्हशीसारखी हळूहळू बाहेर आली.

काठावर आल्यावर तू इंजिन बंद केलंस, पदर पिळलास आणि म्हणालीस, "बघ. आज एकादशी."

"वारा होता, म्हणून पाणी चढलं," मी म्हणाले. "एकादशी कालच झाली."

आणि हे भांडण आपण तेव्हापासून चालू ठेवलं. बारशात, मुंजीत, नातीच्या पदवीच्या पेढ्यांवर. कोणी म्हणालं, पंचांग काढा, बघून टाकू, तर दोघी एकदम म्हणायचो, काही गरज नाही! बघून टाकलं असतं तर एकीला गप्प बसावं लागलं असतं. तेवढी जोखीम कोण घेणार?

शेवटी तुला भेटले तेव्हा तू कॉटवर होतीस, नाकात नळी, हात इतके हलके की माझ्या हातात आहेत की नाहीत कळू नये. मी घरून ठरवून आले होते काय बोलायचं ते. त्या सकाळी आलीस ते बरं केलंस, असं. एवढंच. वाटेत तीनदा म्हणून बघितलं होतं. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस, ओठ हलवलेस. मी कान जवळ नेला.

"एकादशी त्याच दिवशी होती हां."

"आदल्या दिवशी," मी म्हणाले.

तू हसलीस. नळीतून विचित्र आवाज आला, वैशाली धावत आली, आणि मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तू नव्हतीस. माझं ठरवलेलं बोलणं माझ्याजवळच राहिलं. पण खरं सांगू? पुन्हा तो क्षण आला तरी मी तेच म्हणेन. आदल्या दिवशी. तुला हरून जाऊ द्यायला मी आले नव्हते, आणि तुला जिंकूनही जाऊ द्यायचं नव्हतं. तुला जाऊच द्यायचं नव्हतं.

तर शनिवारी मी तुझी जीप, तू आजारी पडल्यापासून आमच्या अंगणात उभी असलेली, बाहेर काढली.

महेशने मोबाईलवर भरती-ओहोटी काढून दाखवली. मिनिटापर्यंत वेळ देतं म्हणे. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बोटांवर पाऊणपट केली, ओहोटी ठरवली, आणि त्याच्या आधीच खाडीवर जाऊन उभी राहिले. उगाच जोखीम नको. हट्टी आहे, मूर्ख नाही. आता नाही. वैशाली शेजारी बसली होती, माझ्या जागी. ओढणी घट्ट बांधून, ओठ घट्ट मिटून. ती माझ्यावर रागावली होती. वाटेत एवढंच म्हणाली, "आई नाही आणि गाडी दारात उभी. सकाळी दार उघडलं की पहिली तीच दिसते. तुम्हाला कळत नाही का, मला ती बघवत नाही म्हणून द्यायची आहे?"

मला नव्हतं कळलं. मी तेराव्याच्या जेवणात एवढी गर्जना केली, आणि मुलगी काय सांगतेय ते ऐकलंच नव्हतं. पण गाडी वळवायची नव्हती. मी म्हणाले, "उभी आसा म्हणान बघवणा नाय. चालती बघ एकदा. मगे ठरव."

उताराशी मी थांबले. मला उतरायचं होतं, पण माझ्या आधी वैशालीच उतरली. डावं चाक, उजवं चाक, दोन्ही खटके फिरवून, हात झाडून परत बसली. तिला कोणी शिकवलं? तुझ्या मांडीवर बसून शिकली असेल. एकही विसरली नाही. माझ्यावर गेली नाही ते बरं.

लिले, पाण्यात मी कधी सुकाणू धरलं नव्हतं. सड्यावर तू मला शिकवलंस, डांबरीवर मी मिरवून घेतलं, पण पाणी आलं की मी डावीकडे सरकायचे. पुढची चाकं उतारावर गेली आणि मी सवयीने डावीकडे सरकायला गेले, तर तिथे वैशाली. तू नेहमी म्हणायचीस, पाण्याकडे बघायचं नाही, पलीकडचा माड धरायचा. मी माड धरला. मग पाणी चाकांवर आपटायला लागलं, आणि मी पाण्याकडे बघितलं. वाहतं पाणी बघितलं की गाडीच वाहतेय असं वाटतं. माझा पाय सैल पडला. इंजिन खोकलं.

"पाय उचलू नकोस गो!" वैशाली ओरडली.

मला. सासूला. 'गो' म्हणाली.

मी पाय दाबला. असा दाबला की खालचा पत्राच फुटायचा. गाडीने एक हिसका दिला, दगड लागले, एक, मग दुसरा, आणि पाणी मागे सरायला लागलं. काठ चढून आम्ही माडांत शिरलो, आणि मी गाडी एका बुंध्याला हलकेच टेकवून थांबवली. ब्रेक सापडला नाही म्हणून नव्हे. तसंच करायचं होतं.

वैशाली दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. मग रडली. मग म्हणाली, "आई, मी तुम्हाला गो म्हटलं."

"शिवेबाहेर चालता," मी म्हणाले.

आम्ही तिथे चहा केला. तुझ्या बाळपणीच्या, आजोळी ऐकलेल्या गोष्टी तिने मला सांगितल्या, ज्या तू मला वेगळ्याच सांगितल्या होत्यास. खोटारडी! भाटात मोबाईलला रेंज येते, पूर्वी येत नसे. वैशालीला रिसॉर्टवाल्याचा फोन आला. उद्या किती वाजता गाडी न्यायला माणसं पाठवू, विचारत होता. वैशालीने माझ्याकडे बघितलं नाही. माडांकडे बघत, बँकेत गिऱ्हाइकांशी बोलावं तशा शुद्ध मराठीत म्हणाली, "माफ करा, गाडी मिळणार नाही."

"का? काय झालं?"

"गाडी वापरात आहे."

त्याने विचारलं, कोण वापरतं. ती म्हणाली, "आम्ही," आणि फोन ठेवला.

आता लोक म्हणतील, लेखाच्या शेवटी दोन शब्द तुझ्या आत्म्याच्या शांतीसाठी लिही. नाही लिहिणार. शांती तुला कधी मानवली? शांत जागी तुला झोप यायची नाही, इंजिन बंद झालं की तू जागी व्हायचीस. सद्गती वगैरे मिळत असेल तर घे, पण पंगतीत पहिली बसू नकोस, आणि वर कोणी पंचांग जाणणारं भेटलं तर एकादशीचं विचारू नकोस. मी आल्यावर दोघी मिळून विचारू. माझ्या गैरहजेरीत निकाल लागलेला मी मान्य करणार नाही. आणि मला यायची घाई नाही.

परत आलो तेव्हा ऊन कलतं होतं. चारी चाकांना चिखल, माझ्या पातळाचा काठ भिजलेला, वैशालीच्या केसांत झावळीची काडी. गावात शिरताना रस्त्याला लागूनच सुलभाचं घर. ती पडवीत खुर्ची टाकून बसते, नवरा गेल्यापासून कित्येक वर्षं तिथेच. रस्त्यावरून कोण गेलं, कोण आलं, किती वाजता, कोणाबरोबर, सगळं तिला माहीत. आम्हाला बघून तिने शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "विहीण जावन चार दिवस नाय झाले, नि बायचा फिरणा बघा! आणि त्या चेडवाक पण घेतल्यान वांगडा."

वैशाली अंग चोरून बसली. मी गाडी सुलभाच्या अंगणाच्या दगडी गडग्याशी नेऊन थांबवली. इंजिन चालू ठेवलं.

"फिरतंय," मी म्हणाले. "उद्या सकाळी परत जातंय. सड्यावर. राहूक. येतंस?"

सुलभाने आधी माझ्याकडे बघितलं, मग वैशालीकडे, मग गाडीच्या मागच्या रिकाम्या फळीकडे. पडवीतून मागे, घरात बघितलं. आत कोणी नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली, कोणी येतंय का. मग गडग्यावर वाकून, अगदी हळू आवाजात म्हणाली,

"उद्या कित्याक? वायच रव. दाराक कुलूप घालून येतंय."